आजाऱ्याच्या वतीने बोलणार कोण?

येत्या जिल्हा बैठकीपुढे एक ठराव येणार आहे. जिल्ह्यातल्या आजारी, अपंग आणि निराधार माणसांची बाजू मांडणारे एक मंडळ कायद्याने स्थापन व्हावे आणि दवाखान्यांना व तहसील कचेरीला जाब विचारण्याचा अधिकार त्याला असावा, अशी त्यात मागणी आहे. मसुदा तालुक्यांतून फिरून आला तेव्हा त्याबरोबर दोन आक्षेपही आले. जुन्या कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की आपले भांडण भावाचे आहे. कापसाला आणि ज्वारीला रास्त भाव मिळाला तर शेतकरी स्वतःच्या पैशाने हवा तो डॉक्टर करील. सरकारी दवाखान्याचे लचांड आपण गळ्यात कशाला बांधून घ्यायचे? तरुणांचा आक्षेप एका ओळीचा होता : आणखी एक समिती म्हणजे आणखी चार पुतण्यांची सोय.

दोन्ही आक्षेप अनुभवातून आलेले आहेत. त्यांना उत्तर न देता ठराव मंजूर करायचा तर बैठकीला येण्याचे कारण नाही, हात घरी बसूनही वर करता येतात.

आधी भावाचे. दवाखान्याच्या बिलापायी जमीन गहाण पडते ती भाव नसल्यामुळेच पडते, यात वाद नाही. पण बाजारात उभा असलेला शेतकरी आणि खाटेवर पडलेला शेतकरी यांत फरक आहे. कापसाचा भाव पडला तर आपण गाडी परत फिरवतो, कापूस घरात भरून ठेवतो, दोन महिने वाट पाहतो. घरभर किडे होतात, पोरांच्या अंगाला खाज सुटते, नुकसानही होते. पण थांबता येते. साप चावलेला माणूस थांबू शकत नाही. फवारणीत विष भिनलेला मजूर थांबू शकत नाही. बाळंतपणात अडलेल्या बाईला 'उद्या भाव पाहून येते' म्हणता येत नाही. शिवाय माल आपला असतो तेव्हा त्याची प्रत आपल्याला कळते. शरीर आपले असले तरी त्यात काय बिघडले हे सांगणारा समोरचाच असतो आणि त्यावरचा इलाज विकणाराही तोच. खिशात पैसा असला तरी तराजू त्याच्याच हातात राहतो.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात काय झाले ते कापूस पिकवणाऱ्याला नव्याने सांगायला नको. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीच्या विषाने शेकडो शेतकरी आणि मजूर दवाखान्यांत भरती झाले. वीसहून अधिक दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. पण या सगळ्याची दखल घेतली गेली ती मरणांचा आकडा वाढत गेल्यावर, आणि घेतल्यावर पहिला प्रश्न निघाला तो असा, की या लोकांनी हातमोजे का घातले नव्हते, तोंडाला फडके का बांधले नव्हते?

कृषी पदवीच्या पुस्तकांत हे सगळे लिहिलेले आहे आणि मी ते पाठही केलेले आहे : अंगभर कपडे, मोजे, चष्मा, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी. पुस्तक लिहिणाऱ्याने भाद्रपदातल्या कोंडलेल्या हवेत, छातीला लागलेल्या पऱ्हाटीतून पाठीवर पंप घेऊन एक काकर तरी रबरी कोट घालून चालून दाखवावी. बाटलीवरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ कुणी समजावलेला नसतो, खालची अक्षरे मुंगीएवढी असतात आणि कोणती दोन औषधे एकत्र करून मारायची हा सल्ला औषध विकणाऱ्या दुकानदाराचा असतो. तरीही मोजे घातले नाहीत हा दोष शेतकऱ्याचा, असे आपण घटकाभर मान्य करू. मग दुसरे प्रश्न कुणी विचारायचे? तालुक्याच्या दवाखान्यात अ‍ॅट्रोपिनचा साठा किती होता? रक्तातले कोलिनेस्टरेज तपासले की विष कितपत भिनले याचा अंदाज येतो. ही तपासणी कुठे होत होती, कुठे नव्हती? रुग्णाला जिल्ह्याच्या गावी पाठवताना किती तास गेले?

एका दवाखान्यात आठवड्याला फवारणीचे पाच रुग्ण आले की डॉक्टर पाच कागद लिहितो. शेजारच्या तालुक्यात दुसरा डॉक्टर आणखी सात लिहितो. कागद वर जातात, त्यांचे आकडे होतात आणि ते आकडे गावाकडे परत येत नाहीत. हे बारा कागद शेजारी ठेवून 'ही एकच साथ आहे, उतारा पुरेसा आहे का, पंधरा दिवस ही औषधे विकायची थांबवता का' असे अधिकाराने विचारणारा रुग्णांच्या बाजूचा माणूस जिल्ह्यात नव्हता. आजाऱ्याच्या वतीने बोलणारे मंडळ पाहिजे ते या कामासाठी. औषधोपचार करायला डॉक्टर आहेत.

आता पुतण्यांचा आक्षेप. शेतकऱ्यांच्या नावाने काढलेल्या संस्थांचे काय होते ते आपण भोगलेले आहे. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने बाजार समित्या आल्या त्या व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायला. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली तीही आपल्याच भल्यासाठी, आणि केंद्रावरचा ग्रेडर बोटाच्या चिमटीने आपले वर्षभराचे श्रम ठरवू लागला. तेव्हा 'रुग्णांचे मंडळ' हे नाव ऐकून कुणी हुरळून जाऊ नये हे बरोबर आहे. अशी मंडळे दुसऱ्या देशात पन्नास वर्षे चाललेली आहेत. ती कशाने जगली आणि कशाने मेली ते पाहिले तर ठरावात काय लिहायचे ते कळते.

इंग्लंडमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे. उपचाराचा पैसा करांतून येतो आणि रुग्ण दवाखान्यात गेला की त्याच्याकडे बिल मागत नाहीत. पंचवीस वर्षांनी तिथल्या सरकारच्या लक्षात आले, की सेवा चालवणारेच सेवेबद्दल बोलतात, ती घेणारा कुठेच बोलत नाही. म्हणून १९७४ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जिल्ह्या-जिल्ह्याला सामुदायिक आरोग्य परिषदा स्थापन झाल्या. निम्मे सभासद स्थानिक नगरपालिका-परिषदांनी पाठवलेले, एक तृतीयांश स्वयंसेवी संस्थांचे, उरलेले एक षष्ठांश आरोग्य खात्याच्या वरच्या मंडळाने नेमलेले. नोकरवर्ग म्हणाल तर एक सचिव आणि एखादा मदतनीस. म्हणजे आपल्या एखाद्या सेवा सोसायटीच्या कचेरीएवढा कारभार.

पण या लहानशा कचेरीच्या हातात एक मोठी गोष्ट होती. दवाखाना बंद करायचा किंवा हलवायचा तर परिषदेला आधी विचारावे लागे. परिषदेने हरकत घेतली आणि दुसरा मार्ग सुचवला, तर निर्णय जिल्ह्यात होत नसे. तो थेट मंत्र्याकडे जाई. मंत्र्याने शेवटी दवाखाना बंद केलाही असेल, पण त्याला स्वतःच्या नावाने, लोकांदेखत बंद करावा लागे. परिषदेला दवाखान्यात जाऊन पाहणी करता येई, कागद मागता येत, आणि तक्रार लिहायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी तिचा सचिव बसत असे. सगळ्या परिषदा सारख्या नव्हत्या. काही नुसता चहा पिणाऱ्या होत्या, काही अधिकाऱ्यांच्या डोक्याला ताप होत्या. हे आपल्याला समजायला अवघड नाही.

मग २००० साली सरकारने जाहीर केले, की या परिषदा जुनाट झाल्या. आता रुग्णांना अधिक चांगला, आधुनिक आवाज देऊ. २००३ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या परिषदा बरखास्त झाल्या. त्यांच्या जागी 'रुग्ण मंच' आले, ते २००८ मध्ये मोडले. मग 'जाळी' आली, ती २०१३ मध्ये मोडली. त्यानंतर हेल्थवॉच नावाची संस्था आली. दहा वर्षांत तीन वेळा पाटी बदलली. ज्याचे घर दर पाच वर्षांनी पाडले जाते त्याला शेजारी ओळखत नाहीत, आणि रुग्णांनाही ही मंडळे ओळखू येईनात.

याच मधल्या काळात स्टॅफर्ड नावाच्या गावातल्या दवाखान्यात जे घडले त्याने तो देश हादरला. २००५ ते २००९ या वर्षांत तिथे रुग्णांची भयानक हेळसांड झाली. म्हाताऱ्या माणसांना पाणी कुणी देत नव्हते, घाणीत पडून राहावे लागत होते, आणि कागदावर मात्र खर्चाची आणि वेळेची उद्दिष्टे गाठली जात होती. या काळात रुग्णांच्या वतीने बोलण्यासाठी सरकारने नेमलेले मंच अस्तित्वात होते. बोलले कोण? छोटेसे उपाहारगृह चालवणारी ज्यूली बेली नावाची बाई. तिची आई २००७ मध्ये त्या दवाखान्यात वारली. तिने आपल्या उपाहारगृहात इतर घरच्या लोकांना गोळा केले, भिंतीवर फोटो लावले आणि चौकशी होईपर्यंत पाठ सोडली नाही. गावातल्या काही लोकांनी तिलाच शिव्या दिल्या, की आमच्या दवाखान्याची बदनामी करते. रॉबर्ट फ्रान्सिस या वकिलाच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी झाली, तिचा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारीत आला. त्यात त्यांनी स्वच्छ म्हटले आहे, की जुन्या परिषदा मोडून त्यांच्या जागी जे आणले त्याने रुग्णांचा आवाज वाढला तर नाहीच, उलट घटला.

हेल्थवॉचला काही चांगले अधिकार होते. दवाखान्यात किंवा वृद्धांच्या निवासात जाऊन पाहता येई, आणि तिने अहवाल पाठवला की संबंधित संस्थेला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे लागे. उपचाराबरोबर सामाजिक काळजीही तिच्याकडे होती, म्हणजे म्हाताऱ्या-अपंगांना घरी जाऊन आंघोळ घालणे, जेवू घालणे, त्यांचे निवास चालवणे. ही कामे तिथे नगर-परिषदांकडे असतात. आणि गंमत पाहा : जिल्ह्याच्या हेल्थवॉचला पैसा देणारी परिषद तीच. जिच्या वृद्धनिवासात जाऊन दोष काढायचे, तिच्याकडेच पुढच्या वर्षीचे अनुदान मागायचे. अडत्याच्या पगारावर मापाडी ठेवला तर माप कुणाकडे झुकेल हे मोंढ्यातले पोरही सांगेल.

२०२५ च्या जुलैत इंग्लंडच्या सरकारने हेल्थवॉचही मोडीत काढण्याचा बेत जाहीर केला. तिचे आरोग्याचे काम आरोग्य मंडळांनी स्वतःकडे घ्यायचे, सामाजिक काळजीचे काम नगर-परिषदांनी, आणि देशपातळीवरचे काम खुद्द आरोग्य खात्याने. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच कपाटात तक्रारवही. कारण दिले गेले ते असे, की देखरेख करणाऱ्या संस्था फार झाल्या, कुणाचे कुणाला कळत नाही. हे कारण अगदी खोटे नाही. पण गोठ्याला कुंपणे फार झाली म्हणून बैलाचीच राखण बंद करायची, हा त्यावरचा उपाय नव्हे.

वेल्स हा त्याच देशाचा पश्चिमेकडचा डोंगराळ, मेंढ्या पाळणाऱ्यांचा मुलूख. तिथे जुन्या परिषदा मोडल्या नाहीत, त्या २०२३ पर्यंत चालल्या. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या जागी सबंध वेल्ससाठी एकच मंडळ आले. नाव 'लाइस', वेल्श भाषेत त्याचा अर्थ 'आवाज'. दवाखाने आणि सामाजिक काळजी दोन्ही त्याच्या कक्षेत आहेत, आणि त्याने लेखी मांडलेले म्हणणे आरोग्य मंडळांना व परिषदांना कायद्याने विचारात घ्यावे लागते. विचारात घेणे म्हणजे मानणे नव्हे, हे कुणी आपल्याला शिकवायला नको. हमीभावाच्या शिफारशी दर वर्षी विचारात घेतल्या जातात. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे मंडळ कायद्याने आले आहे, खात्याच्या परिपत्रकाने नव्हे. परिपत्रक सचिव बदलला की बदलते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे चूक आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा त्यात गावाची आरोग्य समिती होती, प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती होती. समितीच्या नावात रुग्ण आहे, कल्याण आहे. सभासदांत रुग्ण शोधावा लागतो. सचिव वैद्यकीय अधिकारी. ज्याच्या कामाची पाहणी करायची त्यानेच बैठक बोलवायची, इतिवृत्तही त्यानेच लिहायचे. यात त्या डॉक्टरचा दोष नाही. कित्येक ठिकाणी तो एकटा दोन केंद्रे सांभाळतो, आणि बैठकीला कुणी येत नाही म्हणून कंटाळलेला असतो. दोष रचनेचा आहे.

महाराष्ट्राने याहून चांगला एक प्रयोग करून पाहिला आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुढे ती आणखी जिल्ह्यांत गेली. गावातल्याच लोकांनी आपल्या उपकेंद्राचे, आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे. चांगले असेल तर हिरवा रंग, बरे असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला अधिकारी, समोर लोक, आणि बाई उभी राहून सांगते, की नर्स चार महिन्यांत वस्तीवर आली नाही, औषध बाहेरून आणायला लावले, बाळंतपणाला पैसे घेतले. अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. कार्ड वाचता न येणाऱ्यालाही लाल रंग कळतो, ही या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. पण या कामाचा पैसा आला तो त्याच आरोग्य अभियानातून, म्हणजे ज्यांच्यावर देखरेख त्यांच्याच खात्यातून. इंग्लंडचा धडा इथे मुळाक्षरासारखा लागू पडतो.

खाजगी दवाखान्यांचेही तेच. २०१२ मध्ये जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. बरेचसे आरोग्यमित्र मनापासून काम करतात, पण ते रुग्णांनी नेमलेले नाहीत. त्यांचा पगार योजना चालवणाऱ्या यंत्रणेतून येतो. 'योजनेत हे बसत नाही, बाहेर पैसे भरा' असे दवाखान्याने म्हटले तर मित्र कुठवर मैत्री निभावणार? आणि निराधार योजनेच्या म्हाताऱ्यांबद्दल तर विचारूच नका. हयातीचा दाखला द्यायला जिवंत माणूस ऑटोने तालुक्याला जातो, बोटाचे ठसे झिजलेले म्हणून यंत्र त्याला ओळखत नाही आणि अनुदान अडते. वेचणीत, निंदणीत झिजलेली बोटे आहेत ती. त्यांच्या वतीने भांडणारे कुणी नाही.

म्हणून ठरावात नुसते 'मंडळ स्थापन करा' एवढे वाक्य ठेवले तर तरुणांचा आक्षेप खरा ठरेल. माझे मत असे, की पैशाचे कलम सर्वांत आधी घालावे : मंडळाचा खर्च आरोग्य किंवा समाजकल्याण खात्यातून नको, तो विधिमंडळाने वेगळा मंजूर करावा आणि कायद्यातच त्याचा हिशेब असावा. सभासद ग्रामसभांतून निवडून यावेत, निम्म्या बाया असाव्यात, कारण दवाखान्यात उशाशी बसणारी बाईच असते. बाजार समितीचा संचालक, दवाखान्याचा मालक, औषध आणि कीटकनाशकाचा दुकानदार यांपैकी कुणाला तिथे खुर्ची नको. अध्यक्ष अधिकारी नसावा. मंडळाच्या प्रत्येक लेखी प्रश्नाला मुदतीत लेखी उत्तर मिळावे, आणि उत्तर नाही म्हणायचे असेल तर ते कोणत्या अधिकाऱ्याने म्हटले त्याचे नाव त्यावर यावे. माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत कागद मिळतो, पण कागद म्हणजे उत्तर नव्हे. फवारणीच्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, विषबाधेच्या रुग्णांचा तालुकावार आकडा दर आठवड्याला मंडळाला मिळाला पाहिजे. हे एक कलम आपल्या जिल्ह्यांसाठी इतर सर्वांहून मोलाचे आहे आणि तेच गाळण्याचा आग्रह धरला जाईल.

अधिकारांची यादी लांबवू नये. इंग्लंडच्या जुन्या परिषदांना दोन-तीनच हत्यारे होती, पण ती चालत होती.

कायदा व्हायला वर्षे लागतील. तोवर आहे ते वापरायचे. बैठकीला येताना प्रत्येक गावाच्या प्रतिनिधीने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल चार गोष्टी लिहून आणाव्यात : रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, इतिवृत्तावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, गेल्या वर्षी समितीचा पैसा कशावर खर्च झाला, आणि आज अ‍ॅट्रोपिनची व सापाच्या विषावरच्या लशीची किती इंजेक्शने कपाटात आहेत. डॉक्टरशी भांडायचे नाही, नीट विचारायचे. माहिती दिली तर त्याच्या सहीने आणा, नाकारली तर नाकारल्याची तारीख लिहून आणा. दोन्ही कागद ठरावाला जोडायचे आहेत.